वरून जायचं, खालून यायचं: पहिल्यांदा विमानतळावर जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी

आमच्या मोठ्या आईला हॅम्बुर्गला लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं, तेही एकटीनं. आयुष्यात लांबचा प्रवास म्हणजे शेगाव आणि एकदा पंढरपूर. मी म्हटलं भीती वाटते का, तर म्हणे, "मले विमानाचं भेव नाही रे बाबू, त्यात तर बसूनच राहाचं आहे. मले त्या विमानतळाचं भेव आहे, इतके दरवाजे, कोन्या दरवाज्यातून जाऊ?" बरोबर बोलली ती. विमानात कोणी हरवत नाही, हरवतात ते विमानतळावर.

तेव्हा तिच्यासाठी दोन पानं लिहून दिली होती, मग गावातल्या पोरांनी मागितली, मग कोणाच्या जावयानं मागितली, म्हणून आता नीट सगळंच लिहून टाकतो. पांढरकवडा, वणी, आर्णी इकडून जाणाऱ्या माणसाच्या हिशोबानं लिहिलंय, पण बाकीच्यांनाही चालेल.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा म्हणजे पुढचं सोपं जातं. कापसाच्या सीझनात जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यात, गेलाच असाल. भरलेली गाडी एका गेटनं आत येते, काट्यावर वजन होतं, ग्रेडर ओल पाहतो, मग गाडी गंजीवर, म्हणजे कापसाच्या ढिगावर, खाली होते आणि रिकामी गाडी दुसऱ्या वाटेनं बाहेर जाते. पाहिलेला कापूस आणि न पाहिलेला कापूस एका गंजीत टाकू देत नाहीत, काहून की एक ओली गाडी पडली तर अख्खी गंजी खराब. विमानतळाचं गणित हेच आहे. तपासणी झालेली माणसं एका बाजूला, न झालेली दुसऱ्या बाजूला, विमानातून उतरलेली तिसऱ्या वाटेनं. चुकून एक न तपासलेला माणूस तपासलेल्यांमध्ये घुसला तर कधीकधी सगळा हॉल रिकामा करून सगळ्यांना परत तपासतात. म्हणून दरवाज्यावरचा जवान तुम्हाला अडवतो तेव्हा त्याच्यावर चिडू नका, तो गंजी सांभाळतोय.

घरूनच पाहून निघा

तिकिटावर तीन गोष्टी पाहायच्या. विमानतळ कोणतं, टर्मिनल म्हणजे त्या विमानतळाची इमारत कोणती, आणि दोन विमानं असतील तर तिकीट एक आहे की दोन.

विमानतळ कोणतं म्हणजे, मुंबई म्हटलं की आता एकच मुंबई नाही राहिली. नवी मुंबईच्या विमानतळाचं 2025 मध्ये उद्घाटन झालं, तिथून जुन्या विमानतळाला, सहारला, जायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं. तिकिटावर तीन अक्षरं असतात, बीओएम म्हणजे जुनी मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई, एनएजी म्हणजे आपलं नागपूर. आणि जुन्या मुंबईतही टर्मिनल एक सांताक्रूझकडे, टर्मिनल दोन सहारला, रस्त्यानं चार-पाच किलोमीटरचं अंतर. परदेशातली विमानं टर्मिनल दोनवरून, देशातली दोन्हीकडून, आणि कोणत्या कंपनीचं विमान कुठून हे बदलत राहतं, म्हणून मागच्या वेळेस भाऊ कुठून गेला होता ते सांगू नका, आत्ताच्या तिकिटावर पाहा.

एक तिकीट की दोन, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी पाहत नाही. नागपूर ते मुंबई ते पुढे, सगळं एकाच बुकिंगमध्ये असेल, एकच पीएनआर, म्हणजे बुकिंगचा नंबर एकच, तर विमान कंपनी तुम्हाला जोडप्रवासी मानते. बॅग नागपूरला दिली की बहुतेक वेळा शेवटच्या गावालाच निघते, आणि तुम्ही मधे बाहेर न जाता आतल्या आत दुसऱ्या विमानाकडे जाता. स्वस्त पडते म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली तर मुंबईत तुम्ही साधे उतरलेले प्रवासी आहात, बॅग घ्या, बाहेर या, परत पहिल्यापासून सुरू करा.

हे मी स्वतः भोगलंय राजेहो. दोन तिकिटं होती, मधे अडीच तास, मी म्हटलं खूप झाले. उतरलो, लोक जिकडे चालले तिकडे चाललो, पट्ट्यावर बॅग यायला अर्धा तास, मग सगळ्यांसोबत बाहेर पडलो आणि तिथं उभा राहून शोधतोय की आत जायचं गेट कुठं आहे, आणि ते तिथं नव्हतंच, ते वरच्या मजल्यावर. परत मागं जाऊ म्हटलं तर जवान म्हणे इथून आत जाता येत नाही. लिफ्टनं वर गेलो, तिकीट दाखवलं, तर तो म्हणतो हे दुसऱ्या टर्मिनलचं आहे. टॅक्सी करून तिकडे पोचेपर्यंत काउंटर बंद. चूक कोणाची? माझीच. 700 रुपये वाचवायला गेलो आणि नवीन तिकीट काढावं लागलं.

जाताना

आपल्याकडून म्हणजे हिंगणघाट, जाम, बुटीबोरी असं वर्धा रोडनं आलात तर शहरात शिरायच्या आधीच डाव्या हाताला सोनेगावचं विमानतळ लागतं, नागपूर शहरात जायची गरजच नाही. देशातल्या प्रवासाला दोन तास आधी, परदेशी असेल तर तीन तास आधी पोचा, आणि बुटीबोरीच्या ट्रकांचा हिशोब त्याच्या अलग धरा.

मोठ्या विमानतळावर रस्त्यालाच फाटा फुटतो. एक वर चढतो, एक खालीच राहतो. वर जाणारा डिपार्चर, म्हणजे जाणाऱ्यांचा. खालचा अरायव्हल, म्हणजे उतरून आलेल्यांचा. मराठी पाटीवर प्रस्थान आणि आगमन लिहिलेलं असतं. प्रस्थान हा शब्द आपण फक्त गजानन महाराजांच्या पालखीसाठी वापरतो, पण बरं आहे, लक्षात राहतो, पालखी निघते ते प्रस्थान. वाचता येत नसेल तर चित्र पाहा, विमानाचं नाक वर असेल तर जाणाऱ्यांचं, नाक खाली असेल तर येणाऱ्यांचं. हे चित्र जगात जवळपास सगळीकडे सारखंच आहे. ड्रायव्हर गावचा असेल तर त्यालाही सांगून ठेवा की सोडताना वर, घ्यायला येताना खाली.

वर-खाली कायले केलं, याचं कारण साधं आहे. मोठ्या विमानाचा दरवाजा जमिनीपासून बराच उंच असतो, तेव्हा वरच्या मजल्यावर बसलेला माणूस पुलासारख्या बोगद्यातून सरळ विमानात शिरतो, जिना लागत नाही. त्या बोगद्याला एरोब्रिज म्हणतात. आणि विमानाच्या पोटातल्या बॅगा ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्यांवर जमिनीवरूनच येतात, म्हणून बॅगांचा पट्टा खाली, आणि बॅग घेणारा माणूसही खाली, त्याची टॅक्सीही खाली. मुंबईच्या टर्मिनल दोनवर चेक-इन, म्हणजे मोठी बॅग द्यायचा काउंटर, सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, तिथून माणूस जसजसा पुढे जातो तसा खाली उतरत जातो. मोठी आई तिथं म्हणाली होती, "अजून खालीच चाललो, विमान का तळघरात ठेवलं?"

आता 'गेट' या शब्दानं लोक जिथं फसतात ते सांगतो. विमानतळावर दोन प्रकारची गेटं असतात आणि दोघांनाही नंबर असतात. पहिलं म्हणजे रस्त्यावरून आत शिरायचं गेट. दिल्लीच्या टर्मिनल तीनला अशी आठ आहेत, एक ते आठ, आणि तुम्ही कोणत्याही गेटनं आत गेलात तरी बहुतेक वेळा बिघडत नाही, फक्त चालणं वाढतं. दुसरं म्हणजे बोर्डिंग गेट, जिथून विमानात चढायचं, आणि ते मात्र तेच लागतं. बोर्डिंग पासवर, म्हणजे विमानात चढायच्या चिठ्ठीवर, गेट 5 असेल आणि ड्रायव्हरनं बाहेरच्या गेट 5 वर सोडलं तर त्या दोघांचा काही संबंध नाही. बाहेरच्या गेटवर सीआयएसएफचा, म्हणजे विमानतळ सांभाळणाऱ्या केंद्राच्या सुरक्षा दलाचा, जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो, आधार चालतं, परदेशी जायचं तर पासपोर्टच. सोडायला आलेली मंडळी इथंच थांबतात. आपल्याकडं एक जाणारा आणि सोडायला अकरा, तर रडणं-पाया पडणं सगळं या गेटच्या बाहेर उरकून घ्या, आत गेल्यावर परत बाहेर यायला परवानगी घ्यावी लागते.

आत गेल्यावर विमान कंपनीचा काउंटर, मोठी बॅग तिथं. पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवायची नाही, हातातल्या बॅगेत. लोणच्याची बरणी उलटी, म्हणजे ती मोठ्या बॅगेतच द्या, नाहीतर सिक्युरिटीवर सोडून यावी लागेल आणि मग वर्षभर ऐकावं लागेल. बॅगेला जो कागदी पट्टा लावतात त्यावर शेवटच्या गावाची तीन अक्षरं बघा आणि तिथल्या मॅडमला सरळ विचारा, "बॅग मला कुठं भेटेल?" एवढा एक प्रश्न विचारला तरी अर्धं काम झालं.

मग परदेशी जाणारे इमिग्रेशनला, पासपोर्टवर शिक्का. देशातले थेट सिक्युरिटीला. बायांची लाइन वेगळी, पडद्याआड. हातातल्या बॅगेत पाण्याची बाटली परदेशी प्रवासात चालत नाही, 100 मिलीच्या वरचं काहीच द्रव चालत नाही. सिक्युरिटी झाली की तुम्ही पाहिलेल्या कापसाच्या गंजीत आलात. आता मोकळं फिरा, फक्त बोर्डिंग गेटचा नंबर स्क्रीनवर पाहत राहा, तो बदलतो. सुटायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी गेट बंद होतं, आणि बंद म्हणजे बंद, यष्टीच्या कंडक्टरसारखं "थांब रे, म्हातारी येऊन राहिली" असं इथं कोणी करत नाही.

काही बोर्डिंग गेटं खालच्या मजल्यावर असतात, तिथं एरोब्रिज नसतो, बस येते. बसमध्ये बसल्यावर घाबरू नका की परत बाहेर नेऊन राहिले का, ती विमानापर्यंतच जाते.

उतरल्यावर

विमानातून निघून एरोब्रिजमध्ये आलात की एका ठिकाणी दोन दरवाजे असतात. एक चढणाऱ्यांच्या हॉलकडे, एक उतरणाऱ्यांच्या वाटेकडे. एका वेळी एकच उघडा असतो, दुसऱ्याला कुलूप. विमान खाली होईपर्यंत उतरणाऱ्यांचा उघडा, मग तो बंद करून चढणाऱ्यांचा उघडतात. विमान एकच, विमानाचा दरवाजाही एकच, पण दोन्ही माणसं एकमेकांना भेटत नाहीत. बऱ्याच ठिकाणी मधे फक्त काच असते. आमच्या मोठ्या बाबांना एकदा काचेपलीकडे केळापूरचे ओळखीचे सर दिसले, तर हे काचेवर ठोकून राहिले, "ओ सर! ओ सर!" तिकडून सर हात हलवून राहिले आणि इकडून जवान, की बाबा चला पुढं. बाबांना राग, "चार फुटावर माणूस आहे, दोन शब्द बोलू देत नाहीत."

काहून नाही बोलू देत? परदेशातून उतरलेल्या माणसाची अजून कस्टम, म्हणजे बाहेरून आणलेल्या मालाची तपासणी, झालेली नाही. त्यानं सोनं आणलं आणि आतल्या आत देशातल्या प्रवाशाच्या हातात दिलं तर तो दुसरा माणूस नागपूरला उतरून सरळ निघून जाईल, देशातल्या प्रवासाला कस्टम नसतंच. म्हणून परदेशाहून येणारे आणि देशात फिरणारे, यांची वाट तर कुठंच एक होऊ देत नाहीत. दुसरं म्हणजे सुरक्षा. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी 814 विमान पळवलं होतं, आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, रोज संध्याकाळी टीव्हीसमोर गर्दी असायची. त्यानंतर 2000 पासून विमानतळं एकेक करून सीआयएसएफकडे द्यायला सुरुवात झाली, पहिलं जयपूर. दुसऱ्या विमानतळावर कोणी कशी तपासणी केली याचा भरवसा इथला जवान कसा धरणार? म्हणून येणारा अलग, जाणारा अलग.

सगळ्या जगात मात्र असं नाही. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरलेले आणि जाणारे एकाच हॉलमध्ये फिरतात, कारण तिथं सिक्युरिटीची तपासणी बहुतेक टर्मिनलवर बोर्डिंग गेटच्या तोंडाशीच होते, म्हणजे काटा गंजीच्या अगदी जवळ ठेवलाय. अमेरिकेत देशातल्या विमानातून उतरलेला माणूस सरळ चढणाऱ्यांच्या हॉलमध्येच बाहेर येतो, तिथं भांबावू नका.

मधे विमान बदलायचं असेल तर

उतरल्यावर चालत थोडं पुढं गेलं की फाटा येतो. एक पाटी अरायव्हल, बॅगेज. दुसरी ट्रान्सफर किंवा कनेक्शन. बरेच लोक अरायव्हलकडे जातात आणि आपण मेंढरासारखं त्यांच्या मागं जातो, तिथंच चुकतं. एक तिकीट असेल तर तुमची वाट ट्रान्सफरची. त्या फाट्यावर दोन मिनिटं थांबा, बोर्डिंग पास काढा, कोणत्याही युनिफॉर्मवाल्याला दाखवा.

नागपूरहून मुंबई आणि पुढे परदेश, एक तिकीट, आणि नागपूरचं विमान टर्मिनल दोनलाच उतरलं तर बॅगेच्या पट्ट्याकडे जायचं नाही, इंटरनॅशनल ट्रान्सफरची पाटी धरायची, इमिग्रेशन, सिक्युरिटी, गेट. सिक्युरिटी परत होईल, नागपूरला झाली होती असं सांगून उपयोग नाही.

दुबई, दोहा अशा ठिकाणी विमान बदलून तिसऱ्याच देशात जायचं असेल तर तिथल्या इमिग्रेशनला जायचंच नाही. ट्रान्सफरची पाटी, एक तपासणी, आणि तुम्ही परत जाणाऱ्यांच्या हॉलमध्ये. दोह्याला त्या हॉलमध्ये एक भलामोठा पिवळा अस्वलाचा पुतळा आहे, डोक्यात दिवा खुपसलेला, दोन मजली घराएवढा उंच. सोबतचे चुकले तर तिथं भेटायचं ठरवून ठेवा, तो चुकत नाही. लंडनच्या हीथ्रोला कनेक्शनच्या पाट्या जांभळ्या रंगाच्या असतात, जांभळ्याच्या मागं चालत राहायचं. अमेरिकेत मात्र पुढचं विमान असलं तरी पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करावंच लागतं आणि साधारणपणे बॅगही तिथंच घेऊन परत द्यावी लागते, म्हणून तिथं मधे तीन तास तरी ठेवा.

मोठ्या आईचं फ्रँकफर्टला बदलायचं होतं. तिथली एक गंमत आहे. युरोपातल्या शेंगेन देशांत आपसात फिरणं म्हणजे जवळपास यवतमाळहून वर्ध्याला जाण्यासारखं, पासपोर्ट तपासत नाहीत. त्यामुळं त्या विमानतळाच्या एका भागात खालच्या मजल्यावर 'ए' गेटं, शेंगेनसाठी, आणि त्याच्याच डोक्यावर वरच्या मजल्यावर 'झेड' गेटं, बाहेरच्या देशांसाठी. विमान तेच उभं, फक्त माणसं कोणत्या मजल्यावरून येतात त्यावर ते देशी की परदेशी ठरतं. आपला माणूस भारतातून तिथं उतरला की पासपोर्टची तपासणी फ्रँकफर्टलाच, हॅम्बुर्गला नाही. तिच्या कागदावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: "उतर. पासपोर्ट दाखव. मग ए वाली पाटी. बॅगेची काळजी करू नको, हॅम्बुर्गलाच भेटेल."

परत येताना

इथं बॅगेचं उलटं होतं, आणि लोक इथं जास्त फसतात. परदेशातून मुंबईत उतरून नागपूरला जायचं, बॅगेवर एनएजी लिहिलेलं आहे, तरी बहुतेक वेळा बॅग मुंबईत पट्ट्यावरून उचलावी लागते. भारतात पहिल्यांदा जिथं पाय ठेवला तिथं इमिग्रेशन आणि कस्टम. बॅग घ्या, सांगण्यासारखं काही नसेल तर हिरवी वाट, असेल तर लाल वाट, मग ट्रान्सफरच्या काउंटरवर बॅग परत द्या आणि देशातल्या सिक्युरिटीकडे जा. आमच्या गावचा एक पोरगा एनएजी लिहिलंय म्हणून निवांत नागपूरला आला, बॅग चार दिवसांनी आली.

कस्टमच्या पुढचा दरवाजा एकतर्फी असतो. बाहेर पडलात आणि आठवलं की पिशवी पट्ट्यावर राहिली, तर परत सरळ शिरता येत नाही, गेटवरच्या जवानाला आणि विमान कंपनीच्या माणसाला गाठावं लागतं. म्हणून दरवाज्याआधी थांबून पिशव्या मोजा. नागपूरला मुंबईहून देशातल्या विमानानं आलात तर हे काही नाही, पट्टा, बॅग, बाहेर. घ्यायला आलेल्याला "मी विमानतळावर आहे" असं सांगू नका, खांबाचा नंबर किंवा पाटीवरचं नाव सांगा.

अमरावतीवाल्यांचं एकदम सोपं. बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान सुरू झालं, एटीआर नावाचं पंख्याचं छोटं विमान, मागच्या दारानं चढायचं, पायऱ्याही विमानालाच. तिथं मजले नाहीत. लहान विमानतळावर मजल्याचं काम दोरी आणि घड्याळ करतं, म्हणजे आधी उतरणारे निघून जातील, मग दोरी काढतील, मग चढणारे जातील. पण तेच विमान मुंबईत उतरलं की वर सांगितलेलं सगळं सुरू.

म्हाताऱ्या माणसासाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. पाय चांगले असले तरी मागा, लाज नाही त्यात. व्हीलचेअर ढकलणारा पोरगा प्रत्येक फाट्यावर बरोबर वळवतो, इमिग्रेशनला पुढं नेतो आणि पार गेटपर्यंत सोडतो. मोठी आई आधी नाहीच म्हणत होती, "मी का लंगडी हाव?" मग मुंबईत बसली.

ती आल्यावर मी विचारलं, कागदात काय कमी होतं? तर म्हणे दोन गोष्टी लिही. एक, नवीन चपला घालून जाऊ नका, चालणं लय आहे आणि तो चालता पट्टा आला की शेवटी पाय उचलून उतरावं लागते. आणि दोन, "सिक्युरिटीच्या आधी बाथरूमला जाऊन घ्या म्हणावं, पुढं लाइन सोडता येत नाही."